रंगाखालची नावं

वडील गाडी धक्क्याच्या इतक्या टोकाला लावायला सांगतात
की पुढची चाकं पाण्यातच आहेत असं वाटावं.
दुलूथ. एप्रिलचा दुसरा आठवडा.
सरोवरावरचा बर्फ पापडासारखा मोडतोय.
त्यांच्या मांडीवर दुर्बीण, दुर्बिणीच्या पट्ट्याला
अजून आईनं मारलेली गाठ.
वही माझ्याकडे. रकाने त्यांनीच आखलेले:
आजचं नाव, आधीचं, त्याआधीचं,
बांधणीचं साल, गोदी, इंजिन कुणाचं.
शेवटचा रकाना ‘शेवट’. बहुतेक पानांवर कोरा.

“हार्लो आली,” ते म्हणतात.

पाटीवर लिहिलंय सुझन डी.
हिरवा रंग गेल्या उन्हाळ्यातला, अजून तुकतुकीत.
पण ऊन तिरपं पडलं की नाकाडावर
जुनी अक्षरं उठून येतात,
वेल्डिंगनं उभारलेली, घासूनही न गेलेली,
दंडावर देवीच्या लशीचा व्रण असावा तशी.
हा, मग काहीच नाही, मग लो.
मधलं गंजानं खाल्लंय.
वडिलांना ते वाचावं लागत नाही.

आधी ती कॅप्टन ऑसगुड होती, कोळशावर चालायची.
युद्धात सैन्यानं नेली, तेव्हा नुसता आकडा.
मग हार्लो. मग मालकाच्या बायकोचं नाव,
घटस्फोट झाल्यावर तेही खरवडलं.
सुझन डी. कोण, हे धक्क्यावर कुणालाच ठाऊक नाही.

पस्तीस वर्षं त्यांनी हे जमवलं.
नोंदणी कचेरीला पत्रं,
मेलेल्या फायरमनांच्या विधवांकडे कॉफी आणि शिळा केक,
एकदा तर तिच्या पोटात सरपटत जाऊन
तुळईवर छिन्नीनं कोरलेला नंबर
अंधारात बोटांनी वाचला.
इंजिन बदललं, चिमणी आखूड झाली,
निम्मा पत्रा नवा, हा नंबर तेवढा तोच,
असं जेवणाच्या टेबलावर सांगायचे, आम्ही बटाटे सोलत असायचो.

ऑर्व्हिल केस्कीशी दोन हिवाळे अबोला होता.
तो म्हणायचा हार्लो एकोणतीसची, हे म्हणायचे सत्तावीसची.
निघालं असं की कणा घातला सत्तावीसला,
पैसे संपले, पाण्यात उतरली एकोणतीसला.
हे वडिलांनी कबूल केलं
केस्कीच्या शवपेटीवर वाकून, हळू आवाजात.
त्याची बायको मागे उभी होती. हसली.

आता दर गुरुवारी सही करून
मी त्यांना निवासगृहातून बाहेर काढते.
आज जिन्यात त्यांनी मला आइली म्हटलं.
आइली त्यांची बहीण. सहाव्या वर्षी घटसर्पानं गेली.
पहिल्यांदा मी दुरुस्त करायचे: आइली नाही बाबा, मार्लिस.
त्यांच्या चेहऱ्याचं काय व्हायचं ते बघून सोडून दिलं.
आयुष्यभर टपाल वाटलं या माणसानं.
पाकिटावर नाव चुकलेलं असलं
तरी पत्र बरोबर घरी पोचायचं.

“आइली, लिहितेस ना?”
“लिहितेय.”

खनिजाचं जहाज पुलाखालून आत येतं,
आख्खी गल्ली चालत यावी तसं लांबलचक.
दोर ताणतो, अंगावरचं पाणी झटकतो,
आणि ती छोटी हिरवी बोट
मागचा भाग पाण्यात रुतवून ओढायला लागते.
शंभरीला टेकलेली. काळा धूर, मग करडा.
रेडिओवर पुलावरचा माणूस सुझन डी., सुझन डी. करतोय.
वडील काच खाली करतात, गार वारा आत,
आणि सगळा जोर लावून ओरडतात: हार्लो!

ती कुणालाच उत्तर देत नाही, कामात आहे.
जरा वेळानं एक आखूड भोंगा. पुलासाठीच असणार.
“ऐकलंस?” ते म्हणतात.

नऊ चाळीस. वारा वायव्येचा.
‘आजचं नाव’ या रकान्याशी मी थांबते.
पेन गारठलंय,
दोनदा झटकते, मग तोंडाजवळ धरून
वाफेनं ऊब देत राहते.